मोठ्या महाराजांची नक्कल

‘माधवाय नमःहँऽ’ असं म्हणून चिंतामणने डोळे किलकिले केले, तर समोर दारात एक माणूस हात जोडून उभा. पांढरा फेटा, गुडघ्यापर्यंत धोतर, जोडे बाहेर काढून आलेला. खोलीत हशाचा नुसता गदारोळ चालला होता आणि हा माणूस तेवढा हसत नव्हता. अमरावतीला कॅम्पातल्या कमलाकांत वकिलांच्या बंगल्यात शनिवारी दुपारी मंडळी जमत. वकील, डॉक्टर, शाळामास्तर, सगळे शिकलेसवरलेले आणि देवाधर्मावर तोंडसुख घेण्यात पटाईत. चहा झाला की कोणीतरी म्हणे, ‘‘चिंतामणराव, होऊन जाऊ द्या पूजा,’’ आणि चिंतामण मास्तर आढेवेढे घेत, पण मनातून खूश होत, खुर्चीवर मांडी ठोकून बसे. खांद्यावर वकिलांचा टॉवेल, ताम्हन म्हणून बशी, पळी म्हणून चमचा आणि तीर्थाच्या जागी कपात उरलेला गार चहा. मग तो एका म्हाताऱ्या भटजीची देवपूजा करून दाखवी. नाकात तपकीर कोंबलेली म्हणून आवाज नाकातून येतोय, मध्येच घसा खाकरला जातोय, मंत्र म्हणता म्हणताच ‘अगं, हळद कुठंय? फुलं निवडली का?’ म्हणून घरात ओरडणं चाललंय, आणि प्रत्येक ‘नमः’नंतर ‘हँऽ’ असं एक शेपूट. त्या शेपटावर तर लोक खुर्चीवरून पडायचेच काय ते बाकी राहत. हा भटजी कोण, असं मंडळींनी कधी विचारलं नव्हतं. असेल कोणीतरी, भटजींना काय तोटा, असंच त्यांना वाटत असणार.

दारातला माणूस चिंतामणने ओळखला. तेल्हाऱ्याकडचे रामराव, घरची काळी जमीन बाळगून असलेले शेतकरी, चिंतामणच्या वडिलांचे जुने यजमान. अकोल्यात आले की भटजींच्या ओसरीवर टेकल्याशिवाय परत जात नसत. तिथंच थांबायला हवं होतं. पण थांबलो तर का थांबलो ते मंडळींना सांगावं लागेल, आणि सांगावं तर काय सांगावं, या विचारात तो पुढंच म्हणत राहिला. तोंड आपलं काम चोख करत होतं. हळदीसाठी ओरडून झालं, घंटा म्हणून चमच्यानं कप वाजवून झाला, आणि मग नेहमीसारखं ‘‘तीर्थ घ्या, तीर्थ!’’ झालं. हसून हसून डोळे पुसत मंडळी हात पुढं करू लागली. तेवढ्यात रामराव पुढं आले. फेट्याचं टोक डाव्या तळव्यावर, त्यावर उजवा हात खोलगट धरलेला, मान खाली. सगळी खोली आता एकदम गप्प झाली, हसू गालात धरून. चिंतामणचा चमचा कपात अडकल्यासारखा झाला. ‘नको रामराव’ एवढे दोनच शब्द होते, आणि ते त्याला म्हणता आले नाहीत. त्यानं चमचाभर गार चहा त्या हातावर घातला. रामरावांनी तो घेतला, ओला हात डोळ्यांना लावला, फेट्याला लावला. मग जो हशा फुटला तसा त्या खोलीत आजवर कधी फुटला नव्हता.

हशा ओसरू देऊन रामराव म्हणाले, ‘‘लहाने महाराज, अकोल्याले चाला आता. मोठ्या महाराजाइच्या अंगावरून वारं गेलं. एक बाजू पुरी लुळी पडली. पन सकाळी बोलून राहिले होते. चिंतूले बोलवा, म्हने. म्हनून मी तसाच निंगालो.’’

‘‘अहो, मग आल्याबरोबर सांगायचं नाही का!’’ कमलाकांत वकील उठून उभे राहिले. माणूस टवाळ असला तरी वाईट नव्हता.

‘‘पूजा चालू होती ना, वकीलसाहेब. पूजेतून मानसाले उठवू नाई. अन् खरं सांगू का, बाहीर आलो तं आवाज आयकू आला, अन् माहे पायच थांबले. मी तं त्याइले खाटेवर पाहून आलो, अन् हे इथं कसे बसले पूजेले? हुबेहूब मोठे महाराज! तोच घसा, तेच खाकरनं.’’

कोणीतरी कप खाली ठेवला. कमलाकांतांनी चिंतामणकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. इतकी वर्षं आपण कोणाला हसत होतो, ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि त्यांना ते कळताना चिंतामणला बसल्या जागी पाहावं लागलं. टॉवेल अजून त्याच्या खांद्यावरच होता. तो काढायला हातच उचलेना.

स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी निघून गेली होती. पुढच्या गाडीची वाट पाहत दोघं फलाटावर बसले, मग बडनेऱ्याला उतरून अकोल्याच्या गाडीत बसले. बाहेर रस्त्यानं सरकी काढायच्या जिनाकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, कडेच्या बाभळींना अडकलेला कापूस, मावळतीला आलेलं ऊन. चिंतामण खिडकीशी बसला होता आणि त्याला सारखं वाटत होतं की डब्यातल्या सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. बायको तारा लेकराला घेऊन माहेरी अचलपूरला गेली होती. बरंच झालं म्हणायचं, तिच्यापुढं तरी आज उभं राहावं लागलं नाही. याची सुरुवात कुठून झाली, ते तो मनाशी उकरू लागला. नागपूरला कॉलेजात गेला तेव्हा त्याच्या डोक्यावर चांगली जाड शेंडी होती. वसतिगृहाच्या मागं, नळाजवळ, पहाटे कोणी उठायच्या आत तो संध्या उरकून घेई. एक दिवस वरच्या खिडकीत पोरं जमली आणि त्याच्या नाक धरण्यावर, पळीपंचपात्रीवर असा काही आरडाओरडा झाला की त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मग एका संध्याकाळी, गॅलरीत सगळे बसलेले असताना, काय झालं कोणास ठाऊक, त्यानंच वडिलांचा आवाज काढला. लोकांनी हसायच्या आत आपणच हसून घ्यावं, एवढीच त्या वेळची बुद्धी. पोरांनी टाळ्या पिटल्या, कोणी पाठीवर थाप मारली, कोणी विडी पुढं केली. दुसऱ्या दिवशीपासून तो त्यांच्यातला झाला. शेंडी पुढच्या महिन्यात गेली. काही दिवसांनी नुसत्या वडिलांच्या आवाजावर लोक पहिल्यासारखे हसेनात, तेव्हा ते ‘हँऽ’चं शेपूट त्यानं पदरचं जोडलं. वडील तसं कधीच म्हणत नसत. त्यांचं नाक चोंदलेलं असे, घसा होमाच्या धुरानं गेलेला असे, पण ‘नमः’ ते जिथल्या तिथं आणि स्वच्छ टाकत.

आणि खरं सांगायचं तर चिंतामणचा देवावरचा विश्वास कधी उडालाच नव्हता. हे कमलाकांतांना कळलं असतं तर ते त्या पूजेवर हसले त्याहून जास्त हसले असते. तो देवळाच्या बाजूनं जाताना पलीकडच्या फुटपाथवरून जाई, पण जाताना मनातल्या मनात हात जोडी. पोर तापानं फणफणलं होतं तेव्हा त्यानं डॉक्टरच्या औषधाबरोबर ताराच्या नकळत अंबादेवीचा अंगारा लावला होता, आणि ताराला दिसला तेव्हा ‘शेजारणीनं लावला असेल’ म्हणून मोकळा झाला होता. एवढंच काय, शनिवारच्या त्या नकलेत डोळे मिटून केशव, नारायण, माधव म्हणताना एखादा क्षण असा येई की लोक हसताहेत ते ऐकू येत नसे. दुसरीकडे कुठं ती नावं घ्यायची त्याची छाती नव्हती. म्हणजे देवाचं नाव घ्यायचं तर ते टिंगलीच्या आडून, आणि टिंगल कोणाची, तर ज्यानं ते नाव आपल्या कानात घातलं त्याची. आपल्याइतका भेकड माणूस सगळ्या वऱ्हाडात नसेल, असं चिंतामणला वाटलं. विश्वास नसलेला कमलाकांत परवडला, तो निदान उघड बोलतो.

मूर्तिजापूर गेलं. आता तरी वडिलांसाठी देवाला काही म्हणावं म्हणून त्यानं डोळे मिटले. दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मनातच ‘केशवाय नमः’ म्हटलं. मनातसुद्धा त्याच्या मागून ‘हँऽ’ आलं. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच. नारायणाच्या मागं तेच, माधवाच्या मागं तेच. जिभेला आवरता येतं, पण मनात उमटलेला आवाज कसा आवरायचा? म्हातारा तिकडे मरायला टेकलाय आणि आपल्याला त्याच्यासाठी साधं देवाचं नाव सरळ घेता येत नाही, या विचारानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रामरावांना दिसू नये म्हणून त्यानं तोंड खिडकीबाहेर काढलं. इंजिनाचा कोळसा डोळ्यात गेला ते एक बरं झालं.

‘‘रामराव,’’ डोळा चोळत तो म्हणाला, ‘‘ते तीर्थ... म्हणजे ते तीर्थ नव्हतं.’’

‘‘चाय होती,’’ रामराव म्हणाले. ‘‘जिभीले समजलं ना माह्या.’’

‘‘मग प्यालात कशाला?’’

‘‘हात पुढं केला होता, महाराज. मंग मांगं कसा घ्याचा?’’ रामरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, डोकं खाजवलं. ‘‘मले वाटलं, शयरात अशीच करत असतीन पूजा. मंग समजलं. पन तुमी काहून करून राहिले होते तसं, ते काही मले समजलं नाई.’’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच समजलं नव्हतं, आणि समजून घ्यायचं होतं. चिंतामणने पुन्हा खिडकीबाहेर तोंड काढलं. थोडा वेळ वाट पाहून रामराव बाकावर पाय वर घेऊन डुलक्या घेऊ लागले.

अकोल्याला चिंतामण घरी पोचला तेव्हा आई दारातच बसली होती. ‘‘आलास? तुझीच वाट पाहून राहिले होते रे ते दुपारभर. काहीतरी सांगायचं होतं त्यांना तुला. ऊन उतरल्यावर जीभ जड झाली, आणि मग वाचाच बसली.’’ नकलेपायी चुकलेली ती गाडी मिळाली असती तर, एवढाच हिशोब चिंतामणच्या मनात झाला, आणि तो त्यानं तिथंच दाबून टाकला. खाटेवर वडील पडले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात कोणी आणून ठेवल्यासारखा अंगाजवळ. डोळे मात्र पहिल्यासारखेच होते. चिंतामण पायाशी बसला. सगळं आताच सांगून टाकावं, पायांवर डोकं ठेवावं असं त्याच्या फार मनात आलं. पण वडिलांना काही ठाऊक नाही. मरणाच्या दारात त्यांना कशाला हे दुःख, असं त्यानं स्वतःला समजावलं. ते समजावणंही लबाडीचंच होतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की म्हाताऱ्यानं जाता जाता आपल्याला चांगला मुलगा समजून जावं. डॉक्टर म्हणत होते, काही सांगता येत नाही. उठलेही, नाही तर नाहीही.

सकाळी आई म्हणाली, ‘‘देव कालपासून पारोसे आहेत, चिंतू. ह्यांनी आयुष्यात असं कधी होऊ दिलं नाही. तू आंघोळ करून बस पूजेला. मी पण काल काही तोंडात घातलं नाही.’’

‘‘मला आता येत नाही, आई. दुसऱ्या कोणाला बोलाव.’’

‘‘असं कसं येत नाही? ह्यांनीच शिकवलंय ना तुला?’’

वडिलांचा सोवळ्याचा मुकटा नेसून तो देवघरात पाटावर बसला. जानवं तेवढं अजून अंगावर होतं. देवघराचं दार आणि माजघरातली खाट समोरासमोर, म्हणजे वडिलांना देव दिसत आणि देवांपुढं बसलेला चिंतामणही. अंगणात विचारपूस करायला आलेली शेजारपाजारची माणसं थांबली होती, रामराव होते. चिंतामणने पळी हातात घेतली आणि ओठातल्या ओठात पुटपुटायला सुरुवात केली.

‘‘जरा मोठ्यानं म्हण रे,’’ आई आतून म्हणाली. ‘‘ह्यांना ऐकू जाऊ दे.’’

मोठ्यानं म्हणायचं म्हणजे काय, ते चिंतामणला त्या क्षणी कळलं. मोठ्यानं म्हणायला त्याच्याजवळ एकच आवाज होता. त्यानं स्वतःचा आवाज शोधून पाहिला. त्या आवाजात तो भूगोल शिकवू शकत होता, दूधवाल्याशी घासाघीस करू शकत होता, पण हे शब्द त्या आवाजात बसतच नव्हते. आई वाट पाहत होती. त्यानं घसा खाकरला, अगदी वडिलांसारखा, आणि नाकातून, लांबवून, ‘केशवाय नमः’ बाहेर पडलं. शेपूट त्यानं दात दाबून आत धरलं. ‘‘बाई बाई, भटजीच बोलले की काय!’’ अंगणातली कोणी बाई म्हणाली. ‘नारायणाय नमः.’ आई पदर डोळ्यांना लावून भिंतीला टेकली. ‘‘देवानं ह्यांच्या गळ्यातून काढला आणि लेकाच्या गळ्यात घातला आवाज,’’ ती म्हणाली, आणि अंगणातल्या माणसांनी हात जोडले. रामरावांनीसुद्धा जोडले. चिंतामणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वकिलांच्या खोलीतलं हसणं परवडलं, पण हे हात नकोत, असं ओरडावंसं त्याला वाटलं, आणि त्या ओरडण्याच्या भरात दात सैल सुटले. ‘‘माधवाय नमःहँऽ.’’

अंगणात कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. आईच्याही नाही. पण खाटेच्या लाकडावर ‘टक्’ असा आवाज झाला.

वडिलांचा डावा हात कडेला होता आणि त्याचं एक बोट खाटेच्या चौकटीवर आपटलं होतं. लहानपणी संथा देताना ते असंच करत. एक ओळ ते म्हणत, मग मुलानं म्हणायची. चुकली की बोलत नसत, रागावत नसत, पाटावर बोट आपटत, आणि ती ओळ साफ उमटेपर्यंत पुढची देत नसत. चिंतामणने मान वर केली. ओढल्या गेलेल्या तोंडावरून ते हसताहेत की रडताहेत ते कळत नव्हतं, पण डोळे त्याच्यावर रोखलेले होते आणि त्या डोळ्यांना सगळं कळलं होतं. हा आवाज आपला आहे, आणि हे शेपूट आपलं नाही. मुलानं आपला आवाज इतका घोटून घोटून कुठं तयार केला आणि कोणासाठी, हेही कळलं होतं. भक्तीनं शिकलेला माणूस असली भर घालत नाही. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

तरीही चिंतामणने शेवटची पळवाट काढून पाहिली. काही झालंच नाही असं दाखवून तो पुढं म्हणाला, ‘‘गोविंदाय...’’

टक् टक्. आधीपेक्षा जोरात.

त्यानं पुन्हा ‘माधवाय’ घेतलं. ‘हँऽ’ आलंच. टक्. पुन्हा घेतलं. टक्. मुकट्याच्या आत घामाच्या धारा लागल्या. अंगणातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. ‘‘अहो, पुरे आता,’’ आई खाटेपाशी जाऊन म्हणाली, ‘‘असेल काही चुकलं पोराचं, कालपासून त्याला तरी कुठं झोप आहे.’’ वडिलांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट पुन्हा पडलं. चिंतामणला जागेवरून उठून पळून जावं, सरळ स्टेशन गाठावं असं झालं. पण सगळ्यांसमोर आठ वर्षांच्या पोरासारखी मान खाली घालून तो तिथंच बसला, तेच नाव घेत राहिला, आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की नाकातून म्हटलं की शेपूट येतं. दोघं एकमेकांना धरूनच येतात. मग त्यानं वडिलांचा आवाज सोडला. खाकरणं सोडलं, लांबवणं सोडलं. राहिला तो एक बारीक, घाबरट, कापरा आवाज. वसतिगृहाच्या नळाजवळ टाकून आलेला. त्या आवाजात तो म्हणाला, ‘‘माधवाय नमः.’’

बोट लाकडावर तसंच पडून राहिलं.

‘‘आता नाही राहिला तसा आवाज,’’ अंगणातली ती बाई हळूच म्हणाली, आणि एक-दोघं जोडे घालून जायला निघाले. वडिलांनी बोट उचलून पुढं केलं. पुढचं नाव. चिंतामणने घेतलं, तर शेपूट पुन्हा हजर. टक्. त्यानं पुन्हा घेतलं. पुढं अजून पुष्कळ नावं होती आणि प्रत्येक नावाला तो हेच करणार होता, आईच्या देखत, रामरावांच्या देखत. एवढी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि तरी ते बोट थांबू नये, काही झालं तरी थांबू नये, असं तो देवाला विनवत होता.